आणि बाकीची माणसं? : जुनी जीप, नवी थार

गेल्या पावसाळ्यात एका मित्राने थार घेतली आणि ती मामांना दाखवायला आम्ही त्यांच्या गावी गेलो. मामा एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ड्रायव्हर होते. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी एकाच जिपेवर काढली, महिंद्राच्या एमएम ५४० वर. रिटायर झाल्यावरही त्यांच्या तोंडी 'माझी गाडी' म्हणजे तीच. कागदोपत्री ती त्यांची कधीच नव्हती.

थारभोवती त्यांनी एक सावकाश फेरी मारली, बाजारात बैल बघताना मारतात तशी. टायरवर पाय ठोकला. बॉनेटवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मान डोलावली. मग मागची काच वर उचलून आत डोकावले आणि तिथंच थांबले.

"दोनच?"

"हो मामा. चौघांची गाडी आहे."

"आणि बाकीची माणसं?"

मित्र हसला. मीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. यूट्यूबवर थारचे किती रिव्ह्यू मी पाहिले असतील! ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता, डिझेल १३० हॉर्सपॉवर, पेट्रोल १५०. जुन्या जिपेशी तुलना आली की ती याच आकड्यांनी होते, आणि आकड्यांत जुनी जीप हरते. हरायलाच हवी. इतक्या वर्षांत इंजिनिअरिंग पुढे गेलं नसतं तर ती चिंतेची बाब झाली असती. तरी प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी 'ओरिजिनल जीपचा डीएनए' असं काहीतरी येतंच. गाडीला डीएनए नसतो. तिला चेसिस असते, चाकं असतात आणि सीट असतात. मामांनी बघितल्या त्या सीट.

आधी घराणं बघू. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जिपा बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीसने तीच गाडी शेतकऱ्याला विकायला काढली आणि तिला 'सिव्हिलियन जीप' म्हणजे सीजे म्हटलं. इकडे १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली, आणि त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीसच्या जिपांची जुळणी सुरू झाली. आज जी गाडी आपण 'अस्सल देशी' म्हणून मिरवतो तिच्या मुळाशी अमेरिकेचं युद्ध आहे आणि भागीदारांची फाळणी आहे. आणखी एक गंमत म्हणजे स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जिपांचाच. १९४८ मध्ये लष्करासाठी ब्रिटनमधून जिपा घेण्याचा व्यवहार कृष्ण मेनन यांच्यावर शेकला होता.

विलीसची १९५३ ची सीजे-३बी ही आपल्याकडची खरी 'जीप'. तिचं बॉनेट उंच, कपाळ जरा पुढे आल्यासारखं. कारण अगदी साधं होतं. नवं इंजिन जुन्याहून उंच होतं, ते झाकायला पत्रा वर उचलावा लागला. अमेरिकेत ती १९६८ पर्यंत बनली आणि मग बंद झाली. आपल्याकडे मात्र तिची पोरंनातवंडं कितीतरी दशकं निघत राहिली. इंजिन बदललं, पेट्रोल जाऊन डिझेल आलं, लांबी वाढली, नावं बदलली, पण तो चौकोनी चेहरा राहिला. अडचणीतून आलेलं एक टेंगूळ पिढ्यांना रूप वाटायला लागलं.

पण ही जीप घेत कोण होतं? तुमच्या-माझ्या आजोबांनी क्वचितच घेतली असेल. ती घेत होतं सरकार. पोलीस, महसूल, वन, आरोग्य, पाटबंधारे. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि पंचायत समितीच्या आवारात उभी असलेली बीडीओसाहेबांची जीप हे राज्य गावापर्यंत पोचल्याचं चिन्ह झालं. मागून साखर कारखाने, दूध संघ, बँका आल्या. म्हणजे बहुतेक मराठी माणसांची जिपेशी ओळख मालक म्हणून झालीच नाही. ती झाली मागच्या फळीवर बसलेला माणूस म्हणून, नाहीतर रस्त्याकडेला उभं राहून धूळ खाणारा माणूस म्हणून.

ती मागची फळी हा माझ्या मते जुन्या जिपेचा आत्मा आहे. इंजिन नव्हे, फोर-व्हील नव्हे. दोन बाकं, समोरासमोर. एका बाकावर तिघं बसायची सोय, बसायचे पाच. गुडघ्याला गुडघा लागायचा. तुम्ही तालुक्याला चालला असाल तर वीस किलोमीटर तुम्हाला समोरच्याचा चेहरा बघत जावं लागे. तो ग्रामसेवक असे, कारखान्याचा चिटबॉय असे, बाळंतपणाला निघालेली कुणाची लेक असे. बोलल्याशिवाय राहवत नसे. मामा सांगतात, ऊसतोडीच्या हंगामात गटऑफिसच्या जिपेत जेवढ्या सोयरिकी जमल्या तेवढ्या लग्नाच्या मांडवात जमल्या नसतील. जागा संपली की मागच्या फाळक्यावर उभं राहायचं, तेही संपलं की मडगार्ड. त्या जिपेची आसनक्षमता कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली असेल, पण प्रत्यक्षात ती ड्रायव्हरच्या स्वभावावर होती.

इथं थांबायला हवं. हे लिहिताना मला जे गोड वाटतंय ते सगळं खरं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे भीती. जीप गावात शिरली की सगळ्यांनाच आनंद होत नसे. ती वसुलीची असे, जप्तीची असे, दारू पकडायला आलेल्या पोलिसांची असे. आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमा गावात जिपांतूनच आल्या. इंजिनाचा आवाज ऐकून माणसं उसात पळत, हे त्याच पिढीतल्या लोकांनी मला सांगितलं आहे. मागच्या बाकावर कोण बसणार, हेही सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. साहेब पुढे, पाटील त्यांच्या बाजूला, आणि गावकुसाबाहेरचा माणूस बसलाच तर फाळक्याच्या टोकाला. गुडघ्याला गुडघा लागायला आधी बसू द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, ती गाडी माणसं मारत होती. पट्टे नाहीत, डोक्यावर ताडपत्री, चारी चाकांना ड्रम ब्रेक. आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात आणि मराठवाड्यात काळी-पिवळी, त्या धंद्यात हीच लांब केलेली भावंडं होती. खचाखच भरलेली वडाप घाटात कोसळल्याच्या बातम्या वाचतच आम्ही मोठे झालो. मागच्या आडव्या बाकावर बसलेल्या माणसाला टकरीत धरायला काहीच नसतं. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले. जुन्या जिपेला त्या भिंतीवर सोडलं असतं तर काय झालं असतं, ते बोलायलाच नको.

आणि तिसरी गोष्ट जुन्या जिपेच्या भक्तांना आवडणार नाही. आपण लहानपणी पाहिलेल्या पुष्कळशा जिपा फोर-व्हील नव्हत्याच. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या साध्या गाड्या होत्या त्या. खडबडीत होत्या म्हणून सगळीकडे जात, आणि अडकल्या की ढकलायला आत दहा माणसं असत. 'पूर्वीच्या जिपेला काय ताकद होती!' असं आपण म्हणतो त्यातली निम्मी ताकद उतरून ढकलणाऱ्यांची होती.

मामांची मात्र फोर-व्हील होती. म्हणून चहा झाल्यावर तेच म्हणाले, "मळीकडं जाऊ. बघू तरी."

नदीकाठच्या मळीचा रस्ता म्हणजे काळी चिकट माती. चार दिवस पाऊस झालेला. असल्या चिखलात जुन्या जिपेची युक्ती वेगळी होती. वजन टनाच्या आसपास, टायर ६.००-१६ चे, म्हणजे आजच्या नजरेला सायकलचे वाटतील असे अरुंद. ते चिखलात खोल रुतून खालची घट्ट जमीन शोधत. मामा गाडी थांबवून खाली उतरत, पुढच्या चाकांची हब हाताने फिरवून लॉक करत, परत चढून गिअरच्या दांड्याशेजारचे दुसरे दांडे ओढत, आणि मग जीप लो गिअरला रडत-रडत निघे. पॉवर स्टिअरिंग नाही. चाक दगडावर चढलं की स्टिअरिंग उलटं फिरे, अंगठा आत असेल तर मोडे. म्हणून नव्या ड्रायव्हरला मामांचा पहिला धडा असे, 'अंगठा बाहेर'. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं हाड अजून वाकडं आहे. बहुधा तो धडा तिथूनच आला असणार.

थारचे टायर २५५ चे, रुंद. वजन पावणेदोन टनांच्या घरात. काळ्या मातीत ही गाडी आधी घसरते. मागची बाजू रस्ता सोडून बांधाकडे निघाली तेव्हा मित्राचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने दांडा ओढून लो रेंजमध्ये टाकली. एक चाक हवेत गरगरायला लागलं, क्षणभराने मागच्या ॲक्सलमध्ये काहीतरी खटकन धरलं, तेच ते लॉकिंग डिफरेन्शिअल, आणि गाडी चिखल उडवत, पण सरळ, वर निघाली. आत एसी चालू होता. फोनवर गाणं वाजत होतं. कुणालाही उतरावं लागलं नाही.

मामा गप्प होते. वर पोचल्यावर म्हणाले, "चांगली हाय. माणूस लागत नाही हिला."

ही स्तुती होती. त्यांनी स्तुती म्हणूनच केली. पाठीचे मणके झिजलेल्या माणसाला पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्याचं महत्त्व कुणी सांगायला नको. यंत्र म्हणून थार सरस आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझा वाद तिच्या आठवणीशी आहे. ती जी आठवण विकते तिच्याशी.

थारकडे नीट बघा. गोल दिवे, सपाट बाजू, दाराच्या उघड्या बिजागऱ्या, मागच्या दाराला टांगलेलं स्टेपनी. जुन्या जिपेत यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. बिजागरी बाहेर, कारण आत घालण्याइतकी दाराला जाडीच नव्हती, मुळात दारही कधीकधीच असे. मडगार्ड सपाट, कारण पत्रा वाकवायला पैसे पडतात, आणि सपाट मडगार्डवर नकाशा पसरता येतो, डबा खाता येतो, माणूस बसतो. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. थारची काच पडत नाही. चाकांवरच्या चौकोनी कमानी काळ्या प्लॅस्टिकच्या आहेत, त्यांच्यावर बसायला गेलात तर मालक धावत येईल. म्हणजे व्याकरण गेलं आणि अलंकार राहिले. तसे ते राहू नयेत असं माझं म्हणणं नाही. नऊवारीसारखी शिवलेली साडी नेसून कुणी बाइक चालवत असेल तर चालवू दे. फक्त ती कासोटा आहे असं सांगू नये.

या चेहऱ्यावरून कज्जाही झाला. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी आणली. ती जवळजवळ आपली जुनी जीपच होती, रस्त्यासाठी नव्हे तर रानावनात चालवायला. जीप या नावाची मालकी तेव्हा फियाट क्रायस्लरकडे होती. त्यांनी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगात तक्रार केली, आणि २०२० मध्ये आयोगाने तिला जिपेच्या रूपाची नक्कल ठरवलं. महिंद्राला तिचा चेहरा बदलावा लागला. दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला चेहरा सत्तर वर्षं वापरल्यावर तो कुणाचा होतो? कायद्याचं उत्तर आयोगाने दिलं. तालुक्याच्या गॅरेजमध्ये विचारलं असतं तर वेगळं मिळालं असतं.

नावांचीही एक गोष्ट आहे. जुन्या भावंडांची नावं कमांडर, मेजर, मार्शल. सगळे हुद्दे. गाडी साहेबाची होती, हे नावातच कबूल होतं. थार हा हुद्दा नाही, वाळवंट आहे, म्हणजे जिथं बाकीची माणसं नाहीत अशी जागा. जाहिरातीत गाडी कायम एकटी असते. टेकडी, सूर्यास्त आणि एक माणूस. मराठीत थारा म्हणजे आसरा. योगायोगच, पण मामांना तोच अर्थ ऐकू आला असणार.

तारखा मात्र योगायोगाने निवडलेल्या नाहीत. नवी थार दाखवली १५ ऑगस्ट २०२० ला, विक्रीला काढली २ ऑक्टोबरला. कंपनीचा स्थापना दिवसही २ ऑक्टोबरचाच. पाच दारांची थार रॉक्स आली तीही १५ ऑगस्टला, २०२४ च्या. जी गाडी खरोखर सरकारची होती तिला असल्या मुहूर्तांची गरज पडली नाही. खासगी झाल्यावर तिला राष्ट्र आठवलं.

एक बारीक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. २०१० मध्ये थार हे नाव पहिल्यांदा आलं तेव्हा मागे समोरासमोरची बाकं होती. ती गाडी बरीचशी जुन्या जिपेसारखीच होती, कर्कश, कंजूस आणि मजेदार. २०२० च्या नव्या थारमध्येही सुरुवातीला सर्वांत स्वस्त आवृत्तीत आडवी बाकं होती, सहा जणांसाठी. किंमत ९ लाख ८० हजार. काही महिन्यांत ती आवृत्ती यादीतून गेली. राहिली ती पुढे तोंड केलेल्या दोन सीटची. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बरोबरच झालं, वर लिहिलंच आहे. पण 'डीएनए' शोधायचाच असेल तर तो त्या दिवशी संपला. २०२३ च्या जानेवारीत फोर-व्हील नसलेली थार आली तेव्हा शुद्धतावाद्यांनी गळा काढला. तिच्यात नवीन काही नव्हतं, टू-व्हील जिपेची परंपरा जुनीच आहे. बाकं गेली तेव्हा मात्र कुणी रडलं नाही. रॉक्सबद्दल फार बोलत नाही. चिखलात जाण्यासाठी ओळखली जाणारी गाडी आतून पांढऱ्या सीट घेऊन बाजारात आली, एवढं पुरे.

मग मला नेमकं हवंय तरी काय? माणसं कोंबलेली, पट्टे नसलेली, साहेबाची जीप परत यावी? नाही. ती गेली ते बरं झालं. पूर्वी ज्यांना फाळक्यावरही जागा मिळत नसे त्यांची मुलं आज थार घेतात, पुढे बसतात, काच खाली करून गावातून सावकाश नेतात. त्या सावकाश नेण्यात काय असतं ते मला कळतं, आणि मी त्याला हसणार नाही. शहरातल्या मुलांनी समुद्राच्या वाळूत गाडी घालून रील करणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्हींत गाडी एकच आहे म्हणून आपण दोघांना एकाच तराजूत टाकतो. माझी तक्रार एवढीच आहे की जुन्या जिपेतून आपण धैर्य घेतलं, रांगडेपणा घेतला, चेहरा घेतला, आणि गर्दी तेवढी गाळली. नंतर त्याच गाळलेल्या गोष्टीला 'वारसा' म्हणून विकत घेतलं. मामांचा प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर ना रिव्ह्यूवाल्यांकडे होतं ना माझ्याकडे.

मळीवरून परत येताना ओढ्यापाशी दोन बायका उभ्या होत्या. बाजूला वैरणीचा भारा. लांबूनच त्यांनी हात केला, चौकोनी तोंडाची गाडी बघून करतात तसा, जुन्या सवयीने. मित्राने गाडी थांबवली. तो चालवत होता, शेजारी मामा, मागे मी. मागे एकच जागा शिल्लक, आणि मागे चढायला पुढची सीट दुमडावी लागते, त्यासाठी मामांना उतरावं लागलं. एक बाई आत गेली. दुसरी म्हणाली, "राहू द्या, मी येते चालत." मामा म्हणाले, "चालत कशाला?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी उतरलो. फाळका नव्हता, मडगार्डही नव्हतं. भारा टपावर चढला. मित्र रंगाकडे बघत होता, पण काही बोलला नाही. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढून दोरीचं टोक धरलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली. मी तिच्या रुंद चाकोरीतून, चपला हातात घेऊन, मागे चालत राहिलो.

पाऊण तासाने घरी पोचलो तेव्हा मित्र अंगणात स्टुलावर उभा राहून टपाच्या फटीतून वैरणीच्या काड्या काढत होता.